दिसलं, सांगितलं, वाटलं

“गुर्जी, तिथं हात लावू नका. तिथं बाळ निजलंय.”

डोक्यावरची घागर न उतरवता गयाबाई टेकाडाच्या पायथ्याशी उभ्या होत्या. सातवीची सव्वीस मुलं खुंट्या, सुतळी आणि भिंती रंगवायचे जुने ब्रश घेऊन उतारावर पसरली होती. मी वरूनच म्हणालो, “आम्ही खोदत नाही, गयाबाई. नुसतं बघतोय.”

“बघू बी नका.”

“मावशी,” भानुदास मोरे ओरडला, “माझा आजा म्हणतो तिथं नाग हाये. हंड्यावर बसलाय.”

“आमची आजी म्हणते आसरा हायेत. साती जणी.”

“मग नागाला आन आसरांना जागा पुरती का रे?”

मुलं हसली. गयाबाई हसल्या नाहीत. त्यांनी घागर दुसऱ्या हाताने सावरली आणि त्या शाळेकडे गेल्या. शाळेत पाणी भरायचं काम त्यांच्याकडे होतं. विहीर टेकाडाच्या पलीकडे, शाळा अलीकडे, त्यामुळे दिवसातून दहा-बारा खेपा त्या आमच्या समोरूनच जात.

“द्वारका, लिहून घे,” त्यांची पाठ वळते न वळते तोच मी म्हणालो.

द्वारका थोरातकडे नोंदवही होती. अक्षर चांगलं होतं म्हणून दिली नव्हती. तिला घाई नव्हती म्हणून दिली होती. वहीच्या प्रत्येक पानावर मी तीन रकाने आखायला लावले होते: दिसलं, सांगितलं, वाटलं. नियम एवढाच की कोणतंही वाक्य रकान्याबाहेर राहता कामा नये. चुलीचा जळका दगड दिसला, तर तो पहिल्या रकान्यात. अमक्याने स्वतः पाहिलेलं आपल्याला सांगितलं, तर ते नावानिशी दुसऱ्यात. उरलेलं सगळं तिसऱ्यात, आणि तिसऱ्या रकान्यातलं वाक्य शेवटच्या निबंधात घ्यायचं नाही.

मी तिच्या मागे जाऊन वही पाहिली. तिने दुसऱ्या रकान्यात लिहिलं होतं: ‘तिथे बाळ झोपले आहे. – गयाबाई.’

“हे इथे नाही. नाग, आसरा आणि बाळ, तिन्ही तिसऱ्या रकान्यात.”

“पण सर, नाग भानुदासच्या आज्याने पाहिलेला नाही. मावशींनी काय पाहिलं ते आपण विचारलंच नाही.”

“टेकाडात झोपलेलं बाळ कोण पाहील, द्वारका?”

पुन्हा हशा झाला. तिने वाक्यावर रेघ मारली आणि ते तिसऱ्या रकान्यात उतरवून घेतलं. ही सोमवारची गोष्ट. साल १९८७, जानेवारीचा तिसरा आठवडा.

त्या वेळी मी हिवरठाणच्या माध्यमिक शाळेत इतिहास आणि मराठी शिकवत होतो, आणि जिल्ह्याच्या एका दैनिकाचा वार्ताहरही होतो. आमच्या भागात बहुतेक वार्ताहर शिक्षकच असत. बातमी कागदाच्या एका बाजूला लिहायची, पाकिटात घालायची आणि दुपारी चारच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायची. चारच्या गाडीला पाकीट गेलं तर दुसऱ्या दिवशी अकराच्या गाडीने छापलेला अंक परत गावात येई. गाडी चुकली की बातमी शिळी. अकरा वर्षांत माझी गाडी चुकली नव्हती, आणि मी पाठवलेल्या बातमीवर एकदाही खुलासा छापावा लागला नव्हता. या दोन गोष्टींचा मला अभिमान होता.

टेकाडाला गावात ‘पांढर’ म्हणत. तिथली माती पांढरी आणि चिवट. धाब्याच्या घरांवर दर उन्हाळ्यात तिचा थर द्यावा लागे, म्हणून लोक पिढ्यान्‌पिढ्या टेकाड पोखरत आले होते. गावातल्या निम्म्या छपरांत खापरांचे तुकडे होते. मुलांना मी हेच सांगून सुरुवात केली: तुमच्या डोक्यावर जी माती आहे ती कुणाच्या तरी घराची आहे. ती माणसं सकाळी उठून काय करत, ते शोधून काढू. पुस्तकातले राजे नकोत. चूल, पाणी, खेळ, झोप असे गट पाडले. द्वारकाचा गट झोपेचा होता.

खोदायला सक्त मनाई होती. टेकाडाच्या उत्तर अंगाला ट्रॅक्टरवाल्यांनी माती काढून उभी कड केली होती. ती ब्रशने साफ करायची, दिसेल ते मोजायचं आणि चित्र काढायचं, एवढंच काम.

मंगळवारी दुपारी अडीचच्या सुमाराला झोपेच्या गटाने मला हाक मारली.

कडेत, जमिनीपासून माझ्या कमरेएवढ्या उंचीवर, एक मडकं आडवं होतं. ट्रॅक्टरच्या फाळाने त्याचा बाजूचा टवका उडाला होता. लालसर खापर, गळ्याजवळ काळ्या रंगात तिरप्या रेघांची नक्षी. त्याच्या तोंडाला तोंड लावून दुसरं मडकं. टवका उडालेल्या जागेतून मी आत पाहिलं. बारीक माती, तिच्यात पक्ष्याची वाटावीत एवढी लहान हाडं, आणि हाडांच्या शेजारी काळे मणी.

मी मुलांना दोन पावलं मागे घेतलं. माझा आवाज नेहमीसारखा राहिला याची मी काळजी घेतली. गोदावरीच्या खोऱ्यात तीन हजार वर्षांपूर्वी तान्ह्या मुलांना असं दोन मडक्यांत घालून, तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखाली ठेवत, हे मी वाचलं होतं. चित्रही पाहिलं होतं. समोरचं दृश्य त्या चित्राहून वेगळं नव्हतं.

“हे त्या लोकांचं बाळ आहे,” मी म्हणालो. भानुदासने टोपी काढली.

द्वारका बराच वेळ भोकाशी डोळा लावून उभी होती. मग वहीत मान घालून म्हणाली, “सर, मणी अकरा दिसतात. आकाराने सगळे एकसारखे आहेत.”

“बरं.”

“तुम्ही सांगितलं होतं, हाताने केलेली वस्तू एकसारखी नसते.”

“एकसारखे वाटत असतील. लांबून बघतोय आपण.”

“दोन काळ्यांत एक पांढरा आहे. आमच्या बाळूच्या मनगट्या तशाच आहेत.”

“मग उलट चांगलंच आहे की. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीही आया बाळाला दृष्ट लागू नये म्हणून काळे मणी बांधत. यालाच रोजचं जगणं म्हणतात.”

मी घड्याळ पाहिलं. सव्वातीन. मग ती म्हणाली, “सर, आईच्या पेटीत पणजीची नथ आहे. म्हणून पेटी पणजीची होत नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे मडकं जुनं असलं तरी...” तिने वाक्य सोडून दिलं. “आणि भोवतीची माती वेगळी आहे. वरून खालपर्यंत काळपट पट्टा आहे. विहिरीसारखा.”

मला ते ऐकू आलं होतं. आज प्रामाणिकपणे एवढंच सांगता येईल की ऐकू आलं होतं आणि पंचेचाळीस मिनिटं उरली होती. मी शाळेत जाऊन बातमी लिहिली. ‘हिवरठाण येथे तीन हजार वर्षांपूर्वीच्या बालकाचे अवशेष, सातवीच्या विद्यार्थ्यांचा शोध.’ मण्यांबद्दल दोन वाक्यं घातली. शेवटी जागा उरली होती, म्हणून एक ओळ जोडली: ‘या टेकाडात बाळ झोपले असल्याची स्थानिक महिलांची श्रद्धा आहे, हे येथे उल्लेखनीय.’ चारला पाच मिनिटं असताना पाकीट कंडक्टरच्या हातात होतं.

बुधवारी सकाळी आम्ही कडेपाशी गेलो तर टवका उडालेली जागा दिसेना. भोकावर मातीचा लेप दिलेला होता. ओली माती, तळहाताने सारखी केलेली.

“गुप्तधनवाले,” कुणीतरी म्हणालं.

“येडा हायेस का?” भानुदास म्हणाला. “ते खड्डा करून पळत्यात. बुजवून कोण जातं?”

मला त्याचं म्हणणं पटलं आणि त्यामुळेच काही कळेना. चोराने उघडायला हवं होतं. खोडकर पोराने फोडायला हवं होतं. कुणीतरी येऊन नीट बंद केलं होतं. द्वारकाने पहिल्या रकान्यात लिहिलं: ‘लेप. आत काही हलवलेले नाही.’ तिसरा रकाना तिने कोरा ठेवला. आम्ही लेप भिजवून ब्रशने हलकेच काढला, चित्र पूर्ण केलं आणि वर गोणपाट टांगलं.

त्याच दिवशी अंक आला. सरपंच रंगनाथ तांबे अंकाची घडी काखेत मारून शाळेत आले. पंधरा वर्षांत हिवरठाणचं नाव मथळ्यात फक्त पाणीटंचाईसाठी आलं होतं.

“निमसे सर, गाव नकाशावर आणलंत बघा.”

गुरुवारी तालुक्याहून निरोप आला. जिल्ह्याच्या संग्रहालयाचे अधिकारी शनिवारी सकाळी जीप घेऊन येणार होते. अवशेष ताब्यात घेऊन जाणार होते. मी वर्गात तसं जाहीर केलं. टाळ्या झाल्या. गयाबाई तेव्हा वर्गाबाहेरच्या माठात पाणी ओतत होत्या. तास संपल्यावर त्या दाराशी आल्या.

“गुर्जी, कुठं नेणार?”

“जिल्ह्याला. काचेच्या पेटीत ठेवतील. लांबून लांबून लोक बघायला येतील.”

“मडकं?”

“हो.”

“आन आतलं?”

“तेही. तेच तर महत्त्वाचं.”

“माघारी कवा आणणार?”

“माघारी नाही आणत, गयाबाई. सरकारजमा होतं ते.”

त्यांनी दाराच्या चौकटीला हात लावला. “न्यायचं नसलं तर कुणाला सांगावं लागतं?”

“कुणाला न्यायचं नाही?”

“तसं न्हवं. आसंच इचारलं.”

“आता कुणालाच सांगून उपयोग नाही. परवा सकाळी जीप येईल.”

“बरं,” त्या म्हणाल्या. त्या दुपारी माठ रिकामा राहिला. अकरा वर्षांत असं पहिल्यांदा झालं. मुलं तहानलेली घरी गेली आणि मी मुख्याध्यापकांना सांगितलं की बाईंना बरं नसावं.

शुक्रवारी सकाळी गोणपाट जागेवर होतं, पण त्याच्या मागे पूर्ण कड लिंपलेली होती. या वेळी शेण-मातीचा जाड लेप, घराची भिंत सारवावी तसा, हाताच्या अर्धगोल फिरकीने. मडकं कुठे होतं तेसुद्धा कळत नव्हतं. मला राग आला. दुसऱ्या दिवशी अधिकारी येणार होते आणि दाखवायला काही नव्हतं.

“कुणी केलं हे? तुम्ही शोधायला शिकलात ना? शोधा.”

मी हे रागाने म्हणालो होतो, पण मुलांनी ते काम म्हणून घेतलं. सुतळी आली, पट्टी आली. भानुदासने लेपाची सर्वांत वरची कड मोजली. द्वारकाने बोटांचे पट्टे मोजले, दोन पट्ट्यांतलं अंतर मोजलं.

“बाईचा हात आहे,” ती म्हणाली. “माझ्या आईएवढा.”

“निम्मं गाव बायांचं हाये,” मागून कुणीतरी म्हणालं.

“सर, इथे बघा.” भानुदास गुडघ्यावर बसला होता. लेपासाठी पाणी आणलं होतं, ते सांडून खालची जमीन ओली झाली होती आणि त्या ओल्या जमिनीत एक गोल ठसा उमटला होता. घागरीच्या बुडाचा. गोल पूर्ण नव्हता. एका बाजूला तो आत दबलेला होता. भानुदास कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “हा पोचा माझा हाये.”

“काय?”

“पोचा. मागच्या साली मी शाळेची घागर पायरीवरून पाडली होती. तुम्ही दोन छड्या मारल्या होत्या. तोच पोचा.”

कुणी हसलं नाही. सगळ्यांनी शाळेकडे पाहिलं.

मी मुलांना तिथेच थांबायला सांगितलं. द्वारका वही घेऊन माझ्या मागे आली. मी तिला परत पाठवलं नाही. का, ते आजही नीट सांगता येत नाही.

गयाबाई विहिरीच्या काठावर बसल्या होत्या. शेजारी रिकामी घागर होती. आम्हाला येताना पाहून त्या उठल्या नाहीत.

“तुम्ही लिंपलंत?”

“व्हय.”

“का?”

“उघडं पडलं हुतं.”

“गयाबाई, ते तीन हजार वर्षांपूर्वीचं आहे. तुमचा काय संबंध?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काही तरी विचित्र बोललो होतो. “पेपरात तुमीच लिव्हलं ना, बाळ निजलंय म्हणून? सरपंचांनी वाचून दाखवलं. मला वाटलं, समजलं तुमाला. मंग जीप कशाला बोलावली, त्ये काय कळंना.”

पुढचं द्वारकाने विचारलं. तिने आवाज खाली घेतला होता, पण शब्द मी शिकवलेलेच होते.

“मावशी, बाळ तुम्ही स्वतः पाहिलं?”

“म्याच निजवलं, बाई.”

मी खाली बसलो. वार्ताहराला दुसरं काही सुचत नाही तेव्हा तो प्रश्न विचारतो. मी विचारले. कोणतं साल? कालव्याची चारी खोदायचं काम चाललं होतं ते. म्हणजे चौऱ्याहत्तर. महिना? थंडी होती, बाजरी निघाली होती. त्या आणि त्यांचे यजमान बीडकडून कामावर आले होते. पाल टेकाडाच्या आडोशाला होतं. मुलगी तिथेच झाली. अकरा दिवसांची होती.

“नाव?”

“दुसऱ्या दिशी बारसं हुतं.”

“मणी?”

“पाचवीला म्याच बांधलं. बाजारात गेलेल्या बाईकडून मागवलं हुतं.”

सगळं जुळत होतं आणि तरी एक गोष्ट जुळत नव्हती. मडकी. ती नक्षी मी ओळखली होती. तिथे माझी चूक होत नव्हती. मी विचारलं, “मडकी कुठून आणली?”

“आणली न्हाईत. चारीतनंच निघाली. खोदताना आसली चार-पाच जोडं निघालं. एकाचं तोंड उघडलं तर आत बारकी हाडं. मुकादम म्हणला, जुन्या लोकांची लेकरं हायेत, टाका तिकडं. पर ह्यांनी टाकली न्हाईत, बाजूला मातीत ठिवली. दोन मोकळी मडकी बी निघाली हुती, ती बी ठिवली.” त्यांनी घागर जवळ ओढली. “मंग आमच्यावर वेळ आली. आमी परमुलखातली. कुत्री फिरायची पालाभवती. ह्ये म्हणलं, जुन्या माणसांनी लेकरं कशी निजवली बघितलंस ना, किती वर्सं झाली तरी कुणाला हात लावता आला न्हाई. आपन बी तसंच निजवू. तोंडाला तोंड लावून. खोल.”

द्वारका लिहीत होती. पेन्सिलीचा आवाज येत होता.

“काम सरल्यावर सगळी गेली. ह्ये बी म्हणलं, चल. म्या न्हाई गेले. मंग तेबी ऱ्हायलं. मागल्या साली वारलं.”

अकरा वर्षं मी त्यांना रोज पाहत होतो. बीडकडची बाई हिवरठाणात का राहिली, गावात दहा ठिकाणी काम मिळत असताना टेकाडाला वळसा घालून पाणी वाहायचं काम तिनं का धरलं, हे मी कधी विचारलं नव्हतं. मी बातम्यांसाठी प्रश्न विचारत असे.

“हे आधी का नाही सांगितलंत?”

“सांगितलं की. सोमवारी. ह्या पोरीला लिवायला बी लावलं तुमी.”

विहिरीवरून परतून तास उरकेपर्यंत तीन वाजून गेले होते. मी शिक्षकांच्या खोलीत जाऊन कागद पुढे ओढला. काय लिहायचं? मडकी तीन हजार वर्षांची, बाळ बारा वर्षांचं? ते खरं होतं. ते छापलं असतं तर रविवारपर्यंत तालुका लोटला असता, मडक्याकडे नव्हे, गयाबाईंकडे बघायला. आणि नाही लिहिलं तर सकाळी जीप येणार, लेप खरवडणार आणि सरकारी पोत्यात भुशाबरोबर ती मुलगी घालून नेणार. अधिकाऱ्यांना फोन करायचा तर फोन सरपंचांच्या घरी. मी तीन वेळा तारीख लिहिली. बाहेर चारची गाडी आली, कंडक्टरने दोनदा घंटी वाजवली आणि गाडी गेली.

शनिवारी सकाळी शाळेच्या आवारात तोरण होतं. सरपंचांनी लेझीम पथक उभं केलं होतं. जीपमधून उतरलेले अधिकारी पन्नाशीचे, बारीक अंगाचे, देवस्थळी नावाचे होते. त्यांनी हार गळ्यात न घालता हातात घेतला आणि विचारलं, “जागा कुठे आहे?”

टेकाडापाशी पोचलो तेव्हा लिंपलेल्या कडेला पाठ लावून गयाबाई बसल्या होत्या. घागर मांडीशी.

“ए गयाबाई, ऊठ,” सरपंच म्हणाले. “सायेब आलेत. इथं कुठं बसलीस?”

त्या उठल्या नाहीत.

“बाईला जरा बरं नाही, सायेब. निमसे सर, दाखवा ना! लिंपलं कुणी हे?”

मी पुढे झालो. रात्रभरात मी दोन वाक्यं तयार केली होती आणि त्यातलं एकही खरं नव्हतं. मी तोंड उघडण्याआधी देवस्थळी म्हणाले, “नोंद कुणी ठेवली आहे? मला आधी नोंद दाखवा.”

द्वारका रांगेतून बाहेर आली. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. वही देऊ नकोस असं मी तिला म्हणू शकत नव्हतो. सहा आठवडे मी तिला उलटंच शिकवलं होतं. तिने वही दिली. मला वाटलं, संपलं. त्या वहीत मडक्याचं चित्र होतं, मोजमाप होतं, नक्षीच्या रेघा होत्या. कोणत्याही जाणत्या माणसाला ती मडकी किती जुनी आहेत ते एका नजरेत कळलं असतं.

देवस्थळींनी चष्मा लावला. चित्र पाहताना ते थबकले आणि त्यांनी वही उजेडाकडे धरली. मग पान उलटलं. विहिरीवर लिहून घेतलेल्या त्या पानावर ते बराच वेळ होते. पुन्हा मागे गेले, सोमवारच्या पानावर.

“हे तिसऱ्या रकान्यात खोडून परत दुसऱ्यात का लिहिलंय?”

“आधी चुकीच्या रकान्यात गेलं होतं, सर,” द्वारका म्हणाली.

“कुणी टाकलं?”



“मी,” मी म्हणालो.

त्यांनी वही मिटली. गयाबाईंच्या शेजारी उकिडवे बसले. लेपाला हात लावला नाही. दोघांत काही बोलणं झालं का, मला ऐकू आलं नाही. लेझीमवाली पोरं मागे कुजबुजत होती. मग ते उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “सरपंच, हे दफन अलीकडचं आहे. नेण्यासारखं काही नाही.”

“अलीकडचं? अहो, पेपरात तीन हजार वर्षं आलंय!”

“पेपरात काय, काहीही येतं.”

लोक हसले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सरपंचांचा चेहरा उतरला. “अहो, जेवण सांगितलंय,” ते म्हणाले. “पुरणाचं.”

“मग जेवू की.”

गयाबाई उठल्या. पदर खोचला, घागर उचलली. “माठ परवापास्नं रिकामाच हाये,” त्या कुणाला उद्देशून नव्हे असं म्हणाल्या आणि विहिरीकडे गेल्या.

जीप निघताना मी देवस्थळींना गाठलं. “साहेब, मडक्यांची नक्षी...”

“पाहिली मी.”

“मग खुलासा काय लिहू?”

“मी सांगितलं तेच लिहा. माझ्या नावानिशी.” जीप सुरू झाली. “ती मुलगी तुम्हाला रकाना सांगेल.”

सोमवारच्या अंकात अडीच ओळींचा खुलासा आला. हिवरठाण येथील दफन अलीकडील असल्याचे संग्रहालयाच्या अधिकाऱ्यांनी सांगितले आहे. कार्यालयातून उपसंपादकाची खरमरीत चिठ्ठी आली. ती मी जपून ठेवली.

मुलांचा निबंध मार्चमध्ये पुरा झाला. झोपेच्या गटाचा भाग द्वारकाने लिहिला होता. त्यात एक वाक्य होतं: ‘जुनी माणसे तान्ह्या मुलांना दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, खोल निजवत, हे ज्यांनी पाहिले त्यांनी आम्हाला सांगितले.’ मी लाल पेन हातात घेऊन ते दोनदा वाचलं. खोडलं नाही.

गयाबाई २००३ साली गेल्या. शेवटपर्यंत पाणी त्याच भरत. घागरही शाळेने कधी बदलली नाही. मी आता हिवरठाणला राहत नाही, पण अंक पोस्टाने येतो. मागच्या महिन्यात तिथल्या नव्या वार्ताहराने टेकाडावर लिहिलं होतं. पांढरीची माती लोक अजूनही नेतात, पण उत्तरेच्या कडेला कोणी हात लावत नाही. बायका पावसाळ्याआधी ती कड सारवतात. का, असं विचारलं तर सांगतात, तिथं बाळ निजलंय. ‘अशी स्थानिक महिलांची श्रद्धा आहे,’ असं त्याने शेवटी लिहिलं होतं.

खुलासा पाठवावा म्हणून मी कागद घेतला होता. तारीखही घातली. मग कागद घडी करून वहीत ठेवून दिला.